पुस्तक लिहिलं म्हणून बंदी! रग्बी खेळाडूंच्या दुसऱ्या इनिंगची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे एपिसोडचं लेखी रूप. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळजवळ जसंच्या तसं.)



आज सुरुवात एका माणसापासून करू. नाव बिल ब्यूमाँट. इंग्लंडच्या रग्बी संघाचा कॅप्टन. १९८० साली त्याच्या संघानं ग्रँड स्लॅम जिंकला, म्हणजे त्या वर्षीच्या युरोपातल्या मोठ्या स्पर्धेतल्या सगळ्या मॅचेस जिंकल्या. इंग्लंडला हे २३ वर्षांनी जमलं होतं. त्याच वर्षी ब्रिटन आणि आयर्लंडच्या एकत्रित 'लायन्स' संघाचं कॅप्टनपदही त्याला मिळालं. १९३० नंतर पहिल्यांदाच एखादा इंग्लिश खेळाडू लायन्सचा दौरा घेऊन निघाला होता.

१९८२ साली, वयाच्या २९ व्या वर्षी, हा माणूस खेळायचा थांबला. डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसत होता आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता पुरे. मग त्यानं आत्मचरित्र लिहिलं. नाव ठेवलं 'थँक्स टू रग्बी'. म्हणजे खेळाचे आभार मानले.

आणि खेळानं काय केलं? त्याला बाहेर काढलं! कारण पुस्तकाचं मानधन त्यानं स्वतःकडे ठेवलं होतं. रग्बीच्या नावावर पैसे कमावले, म्हणजे तू प्रोफेशनल झालास. आता कोचिंग नाही, निवड समिती नाही, संघटनेत कुठलं पद नाही.

आज आपण सहज म्हणतो की खेळाडू रिटायर झाला की कोच होईल, कॉमेंट्री करेल, नाहीतर एखादी अकॅडमी काढेल. आपल्याकडे तर हे जुनंच आहे. कोल्हापूरच्या तालमीत पैलवानानं लंगोट सोडला की तो वस्ताद होतो आणि त्याचे डाव पुढच्या पोरांकडे जातात. मग रग्बीत असा उलटा न्याय का होता? आणि तो बदलला कसा?

सहा शिलिंगचं भांडण

यासाठी आपल्याला १९ व्या शतकातल्या उत्तर इंग्लंडमध्ये जावं लागेल.

इंग्लंडची रग्बी युनियन १८७१ साली स्थापन झाली. चालवणारे लोक मोठ्या खासगी शाळांत शिकलेले, बरेचसे दक्षिणेतले, घरचे खाऊनपिऊन सुखी. पण खेळ पसरला तो यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये, कापडगिरण्या आणि कोळसाखाणींच्या पट्ट्यात. आपल्या गिरणगावात कबड्डी जशी चाळीचाळींत होती ना, तसंच काहीसं.

अडचण अशी की या कामगारांना शनिवारीही कामावर जावं लागायचं. मॅच खेळायची तर खाडा पडायचा आणि खाडा पडला की पगार कापला जायचा. म्हणून उत्तरेकडच्या क्लबांनी मागणी केली की खेळण्याचे पैसे नकोत, पण बुडालेली मजुरी तरी भरून द्या.

१८९३ साली लंडनमध्ये सभा झाली, मतदान झालं. प्रस्तावाच्या बाजूनं १३६ मतं, विरोधात २८२. मागणी पडली. पैसे घेऊन खेळणं म्हणजे खेळ बाटवणं, असा वरच्यांचा सूर होता. ज्याच्या घरी चूल पेटायची चिंता नाही, त्याला हे म्हणणं सोपं होतं.

२९ ऑगस्ट १८९५. हडर्सफील्ड गावातलं जॉर्ज हॉटेल. उत्तरेकडचे वीसहून जास्त क्लब तिथं जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. खेळाडूला खाड्याचे दिवसाला सहा शिलिंगपर्यंत देता येतील, असं त्यांनी ठरवलं. यातूनच पुढे 'रग्बी लीग' नावाचा वेगळा खेळ तयार झाला. १५ ऐवजी १३ खेळाडू, नियम निराळे.

मूळ 'रग्बी युनियन' मात्र हट्टाला पेटली. लीगमध्ये पैसे घेऊन खेळलेल्या माणसाला युनियनची दारं कायमची बंद. आणि पुढची शंभर वर्षं एक सूत्र पक्कं झालं, की या खेळावर पोट भरायचं नाही. खेळत असतानाही नाही आणि खेळणं संपल्यावरही नाही.

हे 'संपल्यावरही नाही' नीट लक्षात ठेवा. कारण त्याची पहिली मोठी ठिणगी लगेच पडली. वेल्सचा कॅप्टन आर्थर गूल्ड हा त्या काळातला सुपरस्टार. त्याची कारकीर्द संपत आली तेव्हा वेल्समधल्या लोकांनी वर्गणी काढली आणि त्याला न्यूपोर्टमध्ये एक घर भेट द्यायचं ठरवलं. आंतरराष्ट्रीय बोर्डानं आक्षेप घेतला, की घर म्हणजे पैसेच झाले! वाद इतका चिघळला की १८९७ साली वेल्सनं बोर्डातूनच अंग काढून घेतलं. वर्षभरानं समेट झाला. गूल्डला घर मिळालं, पण असं पुन्हा कुणी करू नये हा धडा सगळ्यांना मिळाला.

लेखणी उचलली की संपलं

आता थेट १९७० च्या दशकात येऊ. टीव्ही आला होता, स्टेडियमं भरत होती, पैसा येत होता. फक्त खेळाडूपर्यंत पोचत नव्हता.

गॅरेथ एडवर्ड्स हे नाव रग्बीवाल्यांसमोर घेऊन बघा. १९६७ ते १९७८ या काळात वेल्सकडून सलग ५३ टेस्ट, एकही न चुकवता. आजही सर्वकालीन सर्वोत्तम खेळाडू कोण, यावर वाद झाला की त्याचं नाव निघतंच. त्यानं १९७८ साली निवृत्ती घेतली, आत्मचरित्र काढलं आणि तोही प्रोफेशनल ठरला. म्हणजे ज्याच्याकडून वेल्सच्या पोरांनी पास कसा द्यायचा हे शिकावं, त्यालाच ते शिकवायची मुभा नाही.

विचार करा, नुकसान कुणाचं झालं? एडवर्ड्सचं झालंच. त्याहून जास्त त्या पोरांचं झालं.

काहींनी वाट काढली. इंग्लंडचे फ्रॅन कॉटन आणि स्टीव्ह स्मिथ या दोन खेळाडूंनी मिळून १९८७ साली कपड्यांचा धंदा सुरू केला, कॉटन ट्रेडर्स. पुढे इंग्लंड संघाची जर्सी त्यांचीच कंपनी बनवायला लागली. मैदानात घाम गाळल्याचे पैसे मिळाले नाहीत, पण त्या घामानं भिजणारी जर्सी विकायला हरकत नव्हती!

हॉइकचे पीटी सर

याच काळातला एक माणूस मला फार आवडतो. बिल मॅकलारेन.

स्कॉटलंडच्या सीमाभागात हॉइक नावाचं छोटं गाव आहे. लोकर आणि रग्बी, या दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. तिथला हा पोरगा दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढून परत आला. रग्बीत जोरात होता. १९४७ साली स्कॉटलंडच्या निवड चाचणीपर्यंत पोचला. आता टीममध्ये येणार, असं वाटत असतानाच निदान झालं, टीबी. क्षयरोग.

१९ महिने सॅनिटोरियममध्ये. त्या काळात टीबी म्हणजे बहुतेकदा शेवटच. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नुकतंच आलं होतं, प्रयोगाच्या टप्प्यात होतं. तिथं पाच पेशंटना ते दिलं गेलं. दोघं वाचले. त्यातला एक मॅकलारेन.

जीव वाचला, पण खेळ संपला. स्कॉटलंडची एकही कॅप डोक्यावर आली नाही. पण त्या सॅनिटोरियममध्येच एक गोष्ट सुरू झाली होती. पेशंटसाठीच्या अंतर्गत रेडिओवर तो टेबल टेनिसच्या मॅचेसची कॉमेंट्री करायचा. पलंगावर पडलेल्या माणसांना खेळ 'दाखवायचा', तोही नुसत्या आवाजानं.

बाहेर आल्यावर स्थानिक पेपरात बातमीदारी केली. १९५३ साली बीबीसीच्या रेडिओवर पहिली आंतरराष्ट्रीय मॅच मिळाली. पुढे टीव्ही. आणि मग २००२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं, हा माणूस रग्बीचा आवाज होता.

पण गंमत ऐका. एवढं नाव होऊनही १९८७ पर्यंत तो हॉइकमधल्या शाळांत पीटीचा मास्तरच होता. वीकेंडला कॉमेंट्री, सोमवारी शाळेचं मैदान. मॅचच्या आधी संघांच्या सरावाला हजर राहायचा आणि चेहरे पाठ करायचा. मोठ्या कागदावर प्रत्येक खेळाडूची बारीक अक्षरात माहिती लिहून आणायचा. पत्त्यांवर नंबर टाकून, पत्ते पिसून, उचललेल्या पत्त्यावरून खेळाडूचं नाव सांगायचा सराव करायचा. खिशात गावच्या पेपरमिंटच्या गोळ्या, भेटेल त्याला वाटायला.

आणि त्याच्या शाळेतल्या पोरांमधून जिम रेनविक, कॉलिन डीन्स, टोनी स्टेंजर असे स्कॉटलंडचे खेळाडू तयार झाले. १९९० साली एडिनबर्गमध्ये स्कॉटलंडनं इंग्लंडला हरवून ग्रँड स्लॅम जिंकला, त्यातला निर्णायक ट्राय स्टेंजरचा. जी कॅप सरांना मिळाली नाही, ती पोरांनी घातली.

शंभर वर्षांनी, पुन्हा ऑगस्ट

आता १९९५. दक्षिण आफ्रिकेत वर्ल्ड कप. मंडेला हिरवी जर्सी घालून मैदानात आले, तो प्रसंग तुम्ही सिनेमात पाहिला असेल. पण त्या फायनलच्या आदल्याच दिवशी आणखी एक घोषणा झाली होती. दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया या तिघांनी रूपर्ट मर्डॉकच्या न्यूज कॉर्पसोबत टीव्ही हक्कांचा करार केला. दहा वर्षांसाठी ५५ कोटी डॉलर.

दुसरीकडे एक बंडखोर गट खेळाडूंना थेट करार देऊन स्वतःची लीग काढायच्या मागे होता. इतका पैसा दारात उभा असताना 'आम्ही हौशी' हे नाटक किती दिवस चालणार? ऑगस्ट १९९५ मध्ये पॅरिसमध्ये बोर्डाची बैठक झाली आणि जाहीर झालं की रग्बी युनियन आता खुली. खेळाडूला पैसे देता येतील.

हडर्सफील्डच्या त्या बैठकीला तेव्हा बरोबर शंभर वर्षं होत होती. महिनासुद्धा तोच!

दार उघडलं, आत कोण आलं?

दार उघडल्यावर आत आले ते सगळे स्टार नव्हते.

वॉरेन गॅटलंड बघा. न्यूझीलंडचा हुकर, म्हणजे स्क्रममध्ये अगदी मधोमध उभा राहणारा. ऑल ब्लॅक्सकडून १७ मॅचेस खेळला, पण त्यात टेस्ट एकही नाही. कारण त्याच जागेवर शॉन फिट्झपॅट्रिक होता आणि तो काही जागा सोडत नव्हता. गॅटलंड दौऱ्यावर जायचा आणि बेंचवर बसून खेळ बघायचा. १९८९ च्या दौऱ्यात संघ आयर्लंडमध्ये गॅल्वेला गेला, तेव्हा तिथल्या गॅल्वेजियन्स क्लबशी त्याचं सूत जुळलं आणि तो तिथं खेळाडू-कम-कोच झाला. मायदेशी शाळेत शिकवलं. मग कोनॅक्ट, आयर्लंड, वॉस्प्स आणि शेवटी वेल्स. वेल्सला त्यानं २००८, २०१२ आणि २०१९ असे तीन ग्रँड स्लॅम मिळवून दिले. लायन्सच्या तीन दौऱ्यांचा तो मुख्य कोच होता.

न्यूझीलंडला २०११ चा वर्ल्ड कप जिंकून देणारे कोच ग्रॅहम हेन्री कोण होते? शाळेचे मुख्याध्यापक. २०१५ चा जिंकून देणारे स्टीव्ह हॅन्सन? एकेकाळचे पोलीस.

माझा अंदाज असा, की ज्याला सगळं सहज जमतं त्याला ते कसं जमतं हे सांगता येईलच असं नाही. बेंचवर बसलेल्याला मात्र बघत बसावं लागतं. शाळेतल्या सरांना तर रोजच चाळीस पोरांना समजावून सांगायचं असतं. हौशी काळात पोटासाठी केलेल्या नोकऱ्यांनी या लोकांना नकळत कोच बनवलं.

आणि हो, ही नोकरी फार सुखाची आहे असंही समजू नका. हाच गॅटलंड दुसऱ्यांदा वेल्सकडे आला, ओळीनं १४ टेस्ट हरल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये, स्पर्धा अर्धवट असताना, त्याला पायउतार व्हावं लागलं. तीन ग्रँड स्लॅम जमेला होते, पण कोचचा हिशोब मागच्या मॅचपासून सुरू होतो.

हातात दुसरं काहीच नाही

आता या गोष्टीची दुसरी बाजू. हौशी काळात खेळाडूला रग्बीतून पैसे मिळत नव्हते हे खरं, पण त्यामुळे प्रत्येकाच्या हातात दुसरं काहीतरी होतं. वेल्सचे जेपीआर विल्यम्स हाडांचे सर्जन झाले. ब्यूमाँटच्या घरचा कापडाचा धंदा होता. १९९५ नंतर मुलं शाळेतून थेट क्लबच्या अकॅडमीत जायला लागली. १८ व्या वर्षी पगार सुरू, आणि २५ व्या वर्षी गुडघा गेला की सगळंच बंद. मग पुढे?

हा प्रश्न डेमियन हॉप्लीला अगदी स्वतःच्या अंगावर पडला. इंग्लंडचा खेळाडू, १९९३ चा सेव्हन्स वर्ल्ड कप जिंकणाऱ्या संघातला. गुडघ्याच्या दुखापतीनं त्याची कारकीर्द ऐन भरात संपली. त्याच्या लक्षात आलं की खेळाडूचं शरीर वापरायला सगळे तयार आहेत, पण ते मोडल्यावर विचारणारं कुणी नाही. १९९८ मध्ये त्यानं इंग्लंडमधल्या व्यावसायिक रग्बी खेळाडूंची संघटना उभी केली. करार, विमा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खेळत असतानाच पुढच्या कामाची तयारी. पुढची वीसहून अधिक वर्षं हेच त्याचं करिअर होतं.

पण काही जखमा संघटनेलाही भरून काढता येत नाहीत. स्टीव्ह थॉम्पसन हा इंग्लंडच्या २००३ च्या वर्ल्ड कप विजेत्या संघातला हुकर. २०२० मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्यानं जाहीर केलं की त्याला डिमेन्शिया झालाय, म्हणजे स्मृतिभ्रंश. ज्या वर्ल्ड कपसाठी लोक त्याला ओळखतात, तो जिंकल्याचं त्याला आठवत नाही. डोक्यावर वर्षानुवर्षं बसलेल्या माराचा हा परिणाम आहे, असं म्हणत इंग्लंड-वेल्समधले अनेक माजी खेळाडू खेळाच्या संघटनांविरुद्ध कोर्टात गेले.

म्हणून 'निवृत्तीनंतरचं करिअर' हा विषय नुसता कोर्स आणि सर्टिफिकेटचा नाही. दुसरी इनिंग खेळायला माणूस शाबूत उरला पाहिजे, ही त्याची पहिली अट आहे.

शिट्टी हातात घेतली तिनं

हौशी काळाला जे सुचलं नव्हतं, असंही काही आता घडतंय.

जॉय नेव्हिल ही आयर्लंडची खेळाडू. २०१३ मध्ये आयर्लंडच्या महिला संघानं ग्रँड स्लॅम जिंकला, त्यात ती होती. त्याच वर्षी ती थांबली आणि रेफरी झाली. चारच वर्षांत, २०१७ मध्ये, महिला वर्ल्ड कपच्या फायनलची शिट्टी तिच्या हातात होती, आणि त्याच वर्षी जगातल्या सर्वोत्तम रेफरीचा पुरस्कारही तिलाच. २०२३ च्या पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये टीव्ही रिप्ले बघून निर्णय देणाऱ्या टीममध्ये ती होती. तिथं पोचलेली ती पहिली बाई.

रेफरीचं काम म्हणजे स्क्रमच्या आत काय लबाडी चाललीये हे ओळखणं. ती लबाडी जिनं स्वतः पाहिलीये, कदाचित केलीही असेल, तिच्यापेक्षा चांगलं कोण ओळखणार!

आणि आपल्याकडे?

मुंबईत आझाद मैदानाशेजारच्या बॉम्बे जिमखान्यावर रग्बी कित्येक दशकं खेळली जातेय. अभिनेता म्हणून आपण ज्याला ओळखतो तो राहुल बोस तिथूनच पुढे आला, भारताकडून खेळला आणि नंतर भारतीय रग्बीच्या राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष झाला. जून २०२५ मध्ये फ्रँचायझीवर चालणाऱ्या रग्बी प्रीमियर लीगचा पहिला सीझनही मुंबईतच झाला. म्हणजे आपल्याकडे पैसे घेऊन रग्बी खेळणाऱ्यांची पहिली पिढी आत्ता मैदानात आहे. १९९५ नंतर इंग्लंडमधल्या पोरांसमोर उभा राहिलेला प्रश्न यांच्याही समोर येणार आहे. फरक एवढाच की यांना आधीच्यांचं बघून शहाणं होता येईल.

जाता जाता पुन्हा ब्यूमाँटकडे. बंदीच्या काळात तो टीव्हीवर स्पोर्ट्स क्विझमध्ये टीमचा कॅप्टन म्हणून झळकत होता, घराघरात पोचला होता. पुढे नियम सैल झाले आणि त्याला परत घेतलं गेलं. २००५ मध्ये तो लायन्स संघाचा मॅनेजर होता. २०१२ मध्ये इंग्लंडच्या रग्बी युनियनचा अध्यक्ष झाला. आणि २०१६ मध्ये वर्ल्ड रग्बीचा अध्यक्ष. म्हणजे ज्या बोर्डाच्या नियमावर बोट ठेवून एकेकाळी त्याला बाहेर काढलं होतं, त्याच बोर्डाच्या सर्वोच्च खुर्चीवर तो आठ वर्षं बसला.

त्याला परत यायला दार उघडं मिळालं. १८९५ च्या त्या गिरणी कामगारांना, ज्यांनी फक्त खाड्याचे पैसे मागितले होते, ते मिळालं नाही. पुस्तकाचं नाव 'थँक्स टू रग्बी' होतं. आता रग्बीनं कुणाकुणाला थँक्स म्हणायचं बाकी आहे, याची यादी तुम्हीच करून बघा.

तुमच्या गावात, तालमीत, मैदानावर असा कुणी आहे का, जो खेळायचा थांबला पण खेळातून गेला नाही? कबड्डीचे सर, क्रिकेटचे अंपायर, खो-खोच्या ताई? त्यांच्याबद्दल कळवा, पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये त्यांची गोष्ट सांगू.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर ऐकत राहा, आणि हो, खेळत राहा!